छपराला भोक नसलेली गाडी

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या धाकट्या भाऊजींनी गाडी घेतली.

गाडी घेतली यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत अकरा गाड्या आल्या. अकराच्या अकरा उंच, त्यातल्या सात काळ्या, आणि झाडून सगळ्यांच्या टपाला काच. आल्या त्या काय थाटात! शोरूममध्ये आधी सॅटिनच्या कापडाखाली झाकून ठेवलेली, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या बाकी. भोवती आजी-आजोबा, व्याही, विहीणबाई, कडेवरचं पोर. तीन म्हणताच कापड ओढायचं, चमचमते कागद उडवायचे, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो काढायचा. केकसुद्धा असतो. तो कोणाच्या वाढदिवसाचा, देव जाणे. मग घरी आणली की चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, औक्षण, वॉचमनला पेढे.

आणि आमचे भाऊजी? एका मंगळवारी संध्याकाळी मेथीच्या दोन जुड्या घेऊन दारात उभे. म्हणाले, "वहिनी, खाली लाल गाडी आहे ना, ती माझी. चहा टाका."

मी गॅलरीत धावले. गाडी दिसेचना. दोन काळ्या डोंगरांच्या मध्ये कुठेतरी ती होती.

पोलो. २०२० सालची. सेकंडहँड. गिअर हातानं टाकायचा. आणि सनरूफ नाही! मेथी निवडायचंही सुचेना मला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या तीन मजल्यांच्या प्रवासात मला तीन निदानं ऐकायला मिळाली. भाऊजींची नोकरी गेली. भाऊजींनी शेअर बाजारात हात पोळून घेतले. भाऊजींचं आणि जाऊबाईंचं काहीतरी बिनसलं. या माणसाला हीच गाडी हवी होती, हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. पैसे होते हो! नव्या उंच गाडीचे पैसे बाजूला काढलेले होते. ते बँकेत तसेच ठेवून हे गृहस्थ चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, २०२२ पासून बंद पडलेली गाडी घेऊन आले. वर, नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज आठ! आत्याबाईंचा लगेच फोन. "आठ म्हणजे शनी रे बाबा." भाऊजी काय म्हणाले असतील? "आत्या, शनीला बसायला मागच्या सीटवर जागाच नाही."

श्रीराम, श्रीराम.

नंबरवरून आठवलं. आमच्या बी विंगमध्ये एकांनी हट्टानं ४१४१ घेतला होता. मराठी आकडे जरा वळवून लिहिले की 'दादा' वाचता येतं ना, म्हणून. तसाच ८०५५, तो इंग्रजीतला 'बॉस'. मग सरकारनं २०१९ पूर्वीच्या जुन्या गाड्यांनाही ती नवी सुरक्षा नंबरप्लेट लावायला लावली. इंग्रजी आकडे, ठरलेला टाइप, वळवावळवी बंद. दादांचे एका दुपारी चार-एक-चार-एक झाले. त्या घरात आठवडाभर सुतक होतं म्हणतात.

असो. भाऊजींचं लक्षण खरं तर दिवाळीच्या आधीच कळायला हवं होतं. आमच्या ह्यांनी तेव्हा गाडी बदलायचं मनावर घेतलं आणि 'त्याला कळतं' म्हणून धाकट्या भावाला शोरूममध्ये बरोबर घेतलं. ज्याला गाडीतलं कळतं त्याला गाडी घ्यायला कधीही नेऊ नये.

विकणारा मुलगा बिचारा टाय लावून तयार. "मॅडम, नुसतं तोंडानं सांगा, सनरूफ उघडतं." मी सांगितलं. उघडलं. माझ्या अंगावर शहारा आला. वीस वर्षांच्या संसारात मी एकदा सांगितलं आणि लगेच झालं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात खालून आवाज आला, "टायर कितीचे दिलेत?" बघते तर भाऊजी फरशीवर आडवे. पांढरा शर्ट, हातात मोबाइलचा दिवा, डोकं गाडीच्या पोटाखाली.

"सर, आतल्या लाइटला चौसष्ट रंग आहेत," मुलगा म्हणाला.

"मागच्या चाकांना डिस्क आहे की ड्रम?"

"सर, सीटमधून गार हवा येते."

"मॅन्युअल आहे का?"

"आहे ना सर, ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलंय."

भाऊजी उठून बसले. त्या मुलाकडे त्यांनी असं पाहिलं, की मला आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांची आठवण झाली. मग ह्यांनी परिस्थिती सावरायला गाडीचं दार उघडून लावून दाखवलं. धप्प. "ऐकलंस? वजन बघ काय आहे!"

"दादा, हा आवाज बसवलेला असतो," भाऊजी म्हणाले. "दाराच्या पत्र्याला आतून पट्ट्या चिकटवतात, कडेचं रबर दुहेरी करतात. त्यासाठी कंपनीत पगारी माणसं असतात. पेटीवाला सूर लावून देतो ना, तसं. धडक बसल्यावर गाडी काय करते, ते दाराला नको विचारूस."

"मग कोणाला विचारू?"

झालं. मुलगा, आम्ही दोघं आणि चहा घेऊन आलेला शिपाई, चौघांना भारत एनकॅपवर व्याख्यान. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी नेऊन तिच्या तोंडाची फक्त एक बाजू अडथळ्यावर आपटतात, कारण रस्त्यावरही समोरासमोरची टक्कर बहुतेक वेळा अशी अर्ध्या तोंडानंच होते. आत बसवलेल्या बाहुल्यांच्या माना, छात्या, गुडघे मोजतात आणि मग तारे देतात. "आणि ते तारे," भाऊजी बोट वर करून म्हणाले, "पट्टा लावलेल्या बाहुल्यांचे असतात, दादा. तू मागे बसलास की पट्टा लावतोस का?"

हे गप्प. मीही इकडेतिकडे बघितलं. कारण आमच्या घरात ती वस्तू होती. पट्ट्याच्या खाचेत अडकवायची खोटी जीभ, गाडीचं टिंगटिंग बंद करणारी. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ती ऑनलाइन विकायला मनाई केली, तरी आमच्या ह्यांना कोणीतरी भेट दिली होती. भाऊजींनी ती नंतर कधीतरी उचलली असावी. आता त्यांच्या घरी बाटल्या उघडायला वापरतात.

फेरी मारायला गेलो तो वेगळाच तमाशा. कर्वे रस्त्यावर भर गर्दीत एसीचा वारा कमी करायला भाऊजींना पडद्यावर तीन ठिकाणी बोट टेकवावं लागलं. पहिल्यांदा रेडिओ लागला. दुसऱ्यांदा सीट गार झाली. तिसऱ्या खेपेला गाडी खड्ड्यातून गेली, बोट हुकलं आणि पडद्यावरून कोणीतरी बाई विचारू लागल्या की आपण कुठे जाऊ इच्छिता. "घरी," भाऊजी म्हणाले. युरोपातल्या तारेवाल्यांनी म्हणे २०२६ पासून नियमच केला, की इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत. "लोक परत बटणावर यायला लागले, आणि तू पडद्याला जास्तीचे दीड लाख देतोयस." ह्यांनी त्या दिवशी गाडी बुक केली नाही. पुढच्या आठवड्यात एकटे जाऊन केली. सनरूफवाली.

त्या सनरूफवर भाऊजींचं काय मत आहे ते मला सभ्य शब्दांत सांगायचंय. ते म्हणतात, "वहिनी, हजारो रुपये देऊन छपराला भोक पाडून घेतात लोक. एप्रिलमधल्या पुण्यात!" मी म्हटलं, भोक काय, आकाश दिसतं. तर म्हणाले, आकाश काचेतून समोरही दिसतं, आणि छतात बसवलेली ही जाड काच गाडीचं वजन नेमकं डोक्यावर वाढवते. बरं, मुलं त्यातून अर्धं अंग बाहेर काढून उभी राहतात, आईबाप खालून व्हिडिओ काढतात, आणि गाडी चाललेली असते, यावर तर भाऊजी बोलतच नाहीत. नुसते त्या गाडीच्या मागे जाऊन हॉर्न वाजवत राहतात. या एकाच कारणासाठी त्यांचा हॉर्न वाजतो.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गाडीचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पार्किंगवर बुचाचं झाड आहे. पावसाळा सरता सरता त्याच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांचा खाली सडा पडतो. वास काय सुंदर! त्यांची गाडी बरोबर खाली. आता सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. काचेच्या कडेनं आत झिरपणारं पाणी त्या नळ्यांतून खांबांच्या पोटातून खाली निघून जावं, अशी सोय. फुलांनी त्या नळ्या तुंबल्या. परतीचा पाऊस झाला. सकाळी त्यांनी दार उघडलं तर आतल्या दिव्यातून टिपटिप, सीटवर तळं, आणि तळ्यात दोन फुलं तरंगतायत. पूजेच्या ताम्हणासारखं दिसत होतं अगदी. भाऊजी खाली उतरले, तार आणली, चारही नळ्या साफ करून दिल्या आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं आमच्या सोसायटीला फार लागलं.

बरं, गाडीच्या उंचीवर बोलायची तरी सोय आहे का? मी एकदा सहज म्हटलं, उंचावर बसलं की कसं सगळं दिसतं. "उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "पण उंट वळणावर कलतो." मग डायनिंग टेबलवर मिठाची बरणी आणि ताट घेऊन गुरुत्वमध्य शिकवला. बरणी आडवी झाली. मीठ अजून फटीत आहे. आणि म्हणे या ज्या एसयूव्ही म्हणून मिरवतात, त्यातल्या बहुतेकींची फक्त पुढचीच चाकं ओढतात. चिखलात घातल्या तर त्या आणि आमची जुनी हॅचबॅक शेजारी-शेजारी फसून बसतील. "त्यातली एकच काय ती जास्त रुबाबात फसेल."

या उंच-पण-आखूड गाड्यांचं मूळ कशात आहे माहितेय? मलाही नव्हतं. अर्थसंकल्पात! २००६ मध्ये सरकारनं चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं अबकारी शुल्क कमी केलं. पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० ही हद्द. झालं, कंपन्यांनी टेप घेतले. इंडिगोची डिकी २००८ मध्ये कापली, डिझायरची २०१२ मध्ये. मागून कोणीतरी कात्री मारल्यासारख्या त्या सेडान रस्त्यावर आल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की लांबी वाढवता येत नाही तर उंची वाढवू, तिच्यावर कुठे कर आहे. जीएसटीतही ती चार मीटरची रेघ राहिली, सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हाही राहिली. आत १८ टक्के, बाहेर ४०. भाऊजी म्हणतात, "भारतातल्या मोटारीचा आकार इंजिनिअर नाही ठरवत, वहिनी. शिंपी ठरवतो."

आणि पार्किंग? ते मीच सांगते, त्याला भाऊजी कशाला हवेत. आमची इमारत १९९६ ची. तेव्हा बिल्डरच्या डोळ्यांपुढे मारुती ८०० होती, साडेतीन मीटरही न भरणारी, आणि रुंदीला दीड मीटरच्या आत. आता त्याच दोन खांबांच्या मध्ये पावणेदोन मीटरहून रुंद धूड घालायचं. गाडी आत जाते, माणूस बाहेर येत नाही. आमच्या ह्यांना मी रोज संध्याकाळी डिकीतून उतरताना बघते. औक्षण करून आणलेली गाडी!

पण रक्तातच असतं हो हे. माझ्या सासऱ्यांकडे फियाट होती. डुक्कर फियाट म्हणायचे ना, तिच्या नंतरची, पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही याच. शेवटची २००३ मध्ये नोंदवलेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात त्याही गेल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्या दिवशी गोड खाल्लं नाही. त्यांची गोष्ट ठरलेली आहे. मे महिना, खंडाळ्याचा घाट, सगळे पेट्रोल उकळलेल्या गाडीत. म्हणजे खरंच उकळलेलं. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप बिचारा वाफ ओढत बसायचा. मग बॉनेट उघडायचं, ओला पंचा त्या पेट्रोलपंपावर गुंडाळायचा आणि वीस मिनिटं मुलांना आलेपाक द्यायचा. भाऊजी तेव्हा सहा वर्षांचे. पंचा पिळायचं काम त्यांच्याकडे होतं. दादा आलेपाक खात होता. दोघा भावांच्या आजच्या गाड्या बघितल्या की मला तो घाट दिसतो.

आता अ‍ॅव्हरेज. ह्यावर आमच्या घरात जेवणं थंड झाली आहेत. आपण मराठी माणसं विमान बघितलं तरी आधी विचारू, लिटरला किती देतं. आमच्या ह्यांचा सिद्धान्त असा, की उतारावर गाडी न्यूट्रल करायची. पेट्रोल वाचतं. चाळीस वर्षं सासऱ्यांनी हेच केलं. भाऊजींनी तोंडातला घास तसाच ठेवला. "दादा, तो कार्बुरेटरचा जमाना होता. आताच्या गाडीत गिअर टाकलेला असला आणि पाय उचललेला असला, की इंजिन पेट्रोल घेतच नाही; चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रल केलीस की चालू राहायला त्याला प्यावंच लागतं. म्हणजे तू घाट उतरताना पेट्रोल जाळतोस, वर इंजिनाचा ब्रेक घालवतोस, आणि खाली आल्यावर ब्रेक जळल्याचा वास येतो तो कोणाच्या गाडीचा म्हणून मलाच विचारतोस."

कंपनीनं छापलेला आकडा का येत नाही, तेही कळलं. तो आकडा कुठे जन्मतो, तर आमच्या घराच्या मागे! एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो आपण, ती संस्था १९६६ पासून आहे, आणि तिथे गाडी रुळांवर उभी करून जागच्या जागी पळवतात. ठरलेला वेग, ठरलेले थांबे, ताशी नव्वदच्या वर जायचं नाही, एसी बंद. "तिथे नळस्टॉपचा सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्येच यू-टर्न मारणारा टेम्पो नाही, आणि मागे बसून एसी वाढव म्हणणारी आत्या नाही," भाऊजी म्हणतात. शिवाय आता टाकीतला पाचवा हिस्सा इथेनॉलचा. त्याच्यात पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं ऊर्जा कमी. आमचे कोल्हापूरकडचे व्याही ऊसवाले आहेत, म्हणून हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही असं ठरलंय.

स्वतः भाऊजी एक वही ठेवतात. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिपमीटर शून्य करायचा, पुढची टाकी भरताना किलोमीटर आणि लिटर लिहायचे. तारीख, रस्ता, टायरमधली हवा. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना बघायची म्हणून हा माणूस सहाला पंप घेऊन पार्किंगमध्ये ओणवा असतो. पेट्रोलपंपावरच्यानं एकदा नायट्रोजन भरू का विचारलं. "साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के आहेच," हे म्हणाले, "उरलेल्याचे किती?"

जाऊबाई म्हणतात, "आमच्या लग्नाची तारीख विचारा ह्यांना. वहीत बघून सांगतील."

एक्स्प्रेसवेवर त्यांच्याबरोबर एकदा मुंबईला गेले. मला वाटलं, एवढं वेड आहे म्हणजे गाडी उडवणार. कसलं काय! सपाटीला शंभर म्हणजे शंभर, घाटात साठ म्हणजे साठ. मधल्या लेनमध्ये गेले, ट्रक ओलांडला, परत डावीकडे आले. उजवी लेन म्हणजे काय पिढीजात वतन आहे का, हा त्यांचा प्रश्न. मागून एक काळी गाडी अप्पर मारत आली, डावीकडून घुसली, गेली. "ऐंशी किलोमीटरच्या सपाट रस्त्याला शंभरनं अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात, एकशेवीसनं चाळीस," भाऊजी म्हणाले. "आठ मिनिटं वाचवतोय. फूडमॉलवर वडापावच्या रांगेत भेटेल आपल्याला." भेटला हो! आमच्या पुढे चौथा होता.

बोगद्यात सगळ्यांनी चारही दिवे लुकलुकवायला सुरुवात केली तेव्हा मात्र भाऊजींच्या तोंडून एक शब्द गेला. तो इथे लिहीत नाही. ते दिवे बंद पडलेल्या गाडीचे असतात म्हणे. चालत्या गाडीनं लावले की ती लेन बदलणार का थांबणार का काय करणार, मागच्याला कळतच नाही. आणि आमच्या पुण्यात चौकात सरळ जायचं असलं तरी चारही लावतात. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, म्हणजे दोन्हीकडे! याच्या तर्कशास्त्रावर भाऊजी खोपोलीपर्यंत बोलत होते.

त्यांच्या त्या लाल डबीची बाजू घेते असं समजू नका. मागे बसायला आधी योगासनांचा वर्ग लावावा लागतो. जमिनीपासून पोटापर्यंतची उंची फक्त १६५ मिलिमीटर, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या कोणी न मंजूर केलेल्या गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यावी लागते, खेकड्यासारखी. तीनच सिलिंडर. सकाळी सुरू केली की शिलाई मशीनसारखी थरथरते. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "खरं आहे. तुम्ही चालवून बघा."

मी! मला लायसन्स आहे, १९९९ पासून. मी चालवते. म्हणजे भाजी, बँक, आणि ह्यांनी लावून दिली असेल तर पार्किंगमधून. भाऊजींनी आधी दहा मिनिटं गाडी सुरूच करू दिली नाही. सीट. "पाठ पूर्ण टेकवा. क्लच तळापर्यंत दाबा, गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. आता हात सरळ करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदा सुटतोय का? मग एक खाच पुढे." इतकी वर्षं मी स्टिअरिंगला छातीशी कवटाळून चालवत होते, हरवलेलं मूल सापडल्यासारखी. मग आरसे. बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीचं दार दिसत असेल तर आरसा वाया गेला म्हणे. "दाराला काय बघायचं? ते येतंच आहे आपल्याबरोबर." आरसे बाहेर ढकलले, आणि जिथे मला कधी काही दिसत नव्हतं तिथे एक स्कूटरवाला दिसला. तो कधीपासून तिथे होता, कुणास ठाऊक. कदाचित १९९९ पासून.

आणि क्लच. माझा पाय क्लचवर कायम. हाफ क्लच हा माझा स्थायीभाव. भाऊजींनी मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि सांगितलं, अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. नुसता क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपणहून निघेल. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. सातव्यांदा पायाखाली काहीतरी लागलं. मांजर पायाला अंग घासतं ना, तसं. गाडी निघाली. मी काही बोलले नाही. भाऊजीही नाहीत.

पुढच्या आठवड्यात भाऊजी ऑफिसच्या कामाला गेले, किल्ली आमच्याकडे. रविवार होता. पहाटे साडेपाचला जाग आली. हे घोरत होते. घरात दूध नव्हतं. म्हणजे, फार नव्हतं. मी किल्ली घेतली.

चांदणी चौकात एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. घाट म्हणजे एवढासा, पण वळणं खरी. वळणाआधी ब्रेक, ब्रेक सोडून गिअर खाली, मग वळायचं, आणि वळण उलगडायला लागलं की हळूच पाय. तिसऱ्या वळणाला ते जमलं. इंजिन एकदम मोकळ्या गळ्यानं बोललं आणि गाडी रेघेवरून ओढल्यासारखी फिरली. खालून एक एसटी चढत होती. मी कडेला थांबले, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. ड्रायव्हरनं हात वर केला. मला! मी वळून पुन्हा वर गेले. मग आणखी एकदा खाली आले. पुण्याच्या बाजूनं उजाडत होतं.

सातच्या आत घरी. गाडी होती तिथे लावली, दोन काळ्या डोंगरांच्या मध्ये. सीट त्यांच्या खाचेला परत मागे नेली, मोजून. आरसे आत घेतले. वाटेत अर्धा लिटरच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या, त्या ओट्यावर दिसतील अशा ठेवल्या. हे उठून म्हणाले, "कुठे गेली होतीस?" "दुधाला." विषय संपला.

बुधवारी संध्याकाळी भाऊजी आले. किल्ली नेली, पेट्रोल भरून परत आले, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या समोर ती वही उघडून बसले. पेन काढलं. थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिले.

"वहिनी," म्हणाले, "दूध हल्ली चव्वेचाळीस किलोमीटरवर मिळतं का?"

आत्याबाई नेमक्या त्या दिवशी आलेल्या. हे माझ्याकडे बघतायत, आत्याबाई ह्यांच्याकडे. मी आमटी वाढत होते, ती वाढत राहिले.

"म्हशीचं हवं असेल तर," मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली आणि वहीत 'रस्ता' या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी नंतर जाऊन वाचलं. 'पिरंगुट घाट, वहिनी. अ‍ॅव्हरेज माझ्यापेक्षा चांगलं.'